फळी सरळ झाली की बसली?



गायकवृंदाच्या माडीचे काम पूर्ण झाले आणि गेल्या रविवारी तिथून पुन्हा गाणे ऐकू आले. जुनी फळी पायाखाली करकरायची. वाचन चालू असताना वर कोणी नुसता पाय हलवला तरी खाली बसलेल्या सर्वांना ते समजायचे. तो आवाज आता जवळजवळ बंद झाला आहे. काम मात्र ठरल्यापेक्षा बरेच लांबले. तीन आठवड्यांचे काम सात आठवडे का चालले, असे अनेकांनी आम्हांला विचारले. काहींनी खर्चाच्या काळजीने विचारले, तर काहींनी मिस्त्रीवर संशय घेऊन. म्हणून आधी खुलासा करतो: हा उशीर मिस्त्रीमुळे झाला नाही, आमच्यामुळे झाला.

माडीच्या जुन्या फळ्या सागवानी होत्या. त्यांतल्या शाबूत निघालेल्या आपण ठेवल्या. उरलेल्या जागेसाठी सागवान घेणे ऐपतीबाहेर होते, म्हणून ऐनाच्या फळ्या घेतल्या. एक इंच जाड, चार इंच रुंद, दहा फूट लांब. ऐन मजबूत असतो, पण वाळताना त्रास देतो. मिस्त्रीने बजावून सांगितले होते की माल हवेशीर जागी ठेवा, प्रत्येक थरात पट्ट्या घाला, खालचा थर जमिनीला टेकू देऊ नका. माल आला तेव्हा ऑगस्टचा पाऊस कोसळत होता. आम्ही घाईघाईने सगळी थप्पी सभागृहामागच्या शेडमध्ये ओल्या भिंतीला लावून ठेवली, वर प्लॅस्टिक टाकले आणि दुसऱ्या कामांना लागलो. दिवाळीनंतर प्लॅस्टिक काढले तेव्हा एकही थर सपाट राहिलेला नव्हता.

मिस्त्री रागावला नाही. त्याने एकेक फळी उचलली, तिचे एक टोक डोळ्याशी धरले, दुसरा डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली. क्षणभर पाहिले की फळी तीनपैकी एका ढिगात जायची. कोणती फळी कशी वाकली आहे, हे त्याला त्या एका नजरेत कळत होते. काही फळ्या लांबीत धनुष्यासारख्या वाकल्या होत्या. काहींच्या रुंदीत वाटीसारखी खोलगट पडली होती. काहींना पीळ बसला होता, म्हणजे तीन कोपरे जमिनीला टेकायचे आणि चौथा वर राहायचा. आम्हांला सगळ्याच वाकड्या दिसत होत्या. त्याच्या लेखी मात्र ते तीन वेगळे आजार होते आणि तिघांचे औषध वेगळे होते.

लाकूड वाकते कशाने? ओले लाकूड वाळू लागले की ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरल्यावर ते आकसू लागते. पण ते सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे थोडे आकसते, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने जवळपास त्याच्या दुप्पट. त्यात एका बाजूला वारा आणि दुसऱ्या बाजूला ओली भिंत असेल, तर एक अंग आधी वाळते आणि दुसरे मागे राहते. मग फळी वाकते. म्हणजे आमच्या शेडमधल्या फळ्या वाकड्या म्हणून आल्या नव्हत्या. आम्ही त्यांना जसे ठेवले, तशा त्या झाल्या. हे मिस्त्रीने आम्हांला तोंडावर सांगितले नाही. भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे त्याने नुसते पाहिले.

पुढचे सात आठवडे आम्ही रोज संध्याकाळी थोडा वेळ माडीवर जाऊन बसत होतो. सुरुवातीला कामावर लक्ष ठेवण्यासाठी, नंतर शिकण्यासाठी. त्या दिवसांत एक प्रश्न मनात घर करून राहिला. तो आज तुमच्यापुढे ठेवत आहोत, कारण तो फक्त लाकडाचा नाही. वाकडे झालेले सरळ करता येते का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हांला अनेकदा भेटला होता, आणि गंमत म्हणजे लाकडाच्याच उपमेतून भेटला होता. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात मुलांच्या शिक्षणाचे वर्णन येते. ऐकत नसलेल्या मुलाला वाकड्या-पिळलेल्या लाकडाप्रमाणे धाकाने आणि माराने सरळ करतात, असे तिथे म्हटले आहे. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हीच उपमा घेतली, पण ती स्वतःकडे वळवली. आपला कल जिकडे असेल त्याच्या विरुद्ध बाजूला स्वतःला ओढावे, वाकडे लाकूड सरळ करणारे तेच करतात, असा त्याचा सल्ला आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात श्युन्झी नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याचे म्हणणे, वाकडे लाकूड आधी वाफवावे लागते, मग साच्यात दाबावे लागते, तेव्हा कुठे ते सरळ होते. माणसाचेही तसेच आहे. आणि 1784 साली इमॅन्युएल कांटने एका निबंधात थोडक्यात असे मांडले की माणूस ज्या लाकडाचा घडला आहे ते इतके वाकडे आहे की त्यातून पुरते सरळ असे काही घडवता येणार नाही.

बायबलमध्येही ही ओढाताण आहेच. देवाने वाकडे केलेले कोण सरळ करणार, असे उपदेशकाच्या पुस्तकात विचारले जाते, आणि यशया संदेष्टा उंचसखल ते सपाट होईल असे आश्वासन देतो. दोन्ही वचने आपण बायबलमध्ये वाचतो आणि दोन्ही तितक्याच श्रद्धेने मानतो.

पंचवीस वर्षांपूर्वी हे सगळे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. वाकडे लाकूड सरळ होताना पाहिले मात्र नव्हते. ते या माडीवर पाहिले.

मिस्त्रीचे काम असे चालायचे. आधी बसवलेल्या फळीला टेकून नवी फळी ठेवायची. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत जाते. वाकलेल्या फळीचे एक टोक नीट बसते, पण मध्ये बोटभर फट राहते. मिस्त्री बसलेले टोक आधी खिळ्याने पक्के करी. मग फटीच्या समोर, हातभर अंतरावर, खालच्या कडीवर एक ठोकळा तात्पुरता ठोकी. ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये समोरासमोर दोन पाचरी सरकवून त्यांवर हलके घाव घाली. फट एक सूत कमी होई, की तो थांबे. कडेला कान लावी. पुन्हा एक घाव. फट मिटली की तो आणखी किंचित दाबी. “एवढं जास्तच ढकलायचं,” तो म्हणाला, “ती थोडी परत येणारच.” अ‍ॅरिस्टॉटलला हे ऐकून बरे वाटले असते. मग खिळा, मग पुढची कडी, पुन्हा ठोकळा आणि पाचर. असे करत दुसऱ्या टोकापर्यंत. हातोडा थेट फळीवर त्याने एकदाही मारला नाही. मध्ये नेहमी लाकडाचा एक टाकाऊ तुकडा धरलेला असे. जिभेवर घाव बसला तर जीभ तुटते, आणि जीभ तुटलेली फळी शेजारणीला धरू शकत नाही.

एका संध्याकाळी अशीच एक हट्टी फळी अर्ध्या तासाच्या कष्टाने जागेवर गेली. आम्ही आनंदाने म्हणालो, “चला, झाली सरळ!”

मिस्त्री घाम पुसत म्हणाला, “सरळ नाही झाली, फादर. बसली.”

त्याचे म्हणणे खरे होते. त्याच क्षणी खिळे उपटले असते तर ती फळी पुन्हा धनुष्य झाली असती. तिच्यात काहीही बदललेले नव्हते. एका बाजूने शेजारची फळी, खालून कड्या, अंगातून खिळे, आणि उद्या दुसऱ्या बाजूने येणारी नवी फळी, यांनी मिळून तिला धरले होते. मग त्या फळीला सरळ म्हणायचे की नाही?

हा प्रश्न ऐकताच आम्हांला एक जुनी बैठक आठवली. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथल्या एका गृहस्थाची दारू सुटून चार वर्षे झाली होती. दारू सोडलेल्यांच्या साप्ताहिक सभेला तो कधी चुकत नसे. पगार बायकोच्या हाती देई. कामावरून घरी येताना गुत्त्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने येई, आणि बहुतेक दिवशी सोबतीला सभेतलाच कोणीतरी असे. सणाच्या समितीत हिशेब पाहायला माणूस हवा होता. हा पूर्वी एका दुकानात हिशेबाचेच काम करत असे. आम्ही त्याचे नाव सुचवले. पाळकीय मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “फादर, बायको पगार ठेवून घेते, मित्र घरापर्यंत सोडतात, म्हणून तो नीट आहे. हे सगळे काढून घ्या आणि मग बघा. तो सुधारलेला नाही, त्याला धरून ठेवलेले आहे.”

ते सदस्य दुष्ट नव्हते. लोकांच्या वर्गणीची त्यांना काळजी होती. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. उलट आमच्या शिक्षणाने त्यांचीच बाजू घेतली. अ‍ॅरिस्टॉटल स्वतःला आवरणारा माणूस आणि सद्‌गुणी माणूस यांत फरक करतो. पहिल्याला मोह होतो आणि तो त्याच्याशी झगडतो. दुसऱ्याला चांगले करण्यातच गोडी वाटते. या कसोटीवर तो गृहस्थ पहिल्या वर्गातही पुरता बसत नव्हता, कारण त्याला तर दुसरेच आवरत होते. ‘धरून ठेवलेला चांगुलपणा हा त्या माणसाचा चांगुलपणा म्हणायचा का?’ हा प्रश्न आम्ही त्या रात्री खोलीवर घेऊन गेलो.

त्याचे उत्तर या माडीवर थोडे थोडे मिळत गेले.

पहिली गोष्ट मिस्त्रीने सहज बोलताना सांगितली. अगदी सरळ असलेली एक फळी आम्ही हातात घेतली आणि विचारले, हिला तर खिळ्यांची गरज नाही ना? तो म्हणाला, “बिनखिळ्याची ठेवा, आणि एक पावसाळा जाऊ द्या.” म्हणजे ‘सगळे आधार काढून घ्या आणि मग बघा’ ही कसोटी एकही फळी उतरू शकत नाही. ज्येष्ठ सदस्यांची ती कसोटी आम्ही स्वतःला लावून पाहिली. आमच्या दिवसाला घंटेने बांधले आहे. वर्गणीच्या प्रत्येक पावतीवर दोन सह्या लागतात. वर्षाअखेर हिशेब तपासला जातो. आम्ही कुठे जातो, कोणाशी कसे बोलतो, हे चार लोक पाहत असतात. अंगावरचा झगा हाही एक खिळाच आहे. हे सगळे काढून घेतले तर आम्ही किती सरळ राहू, याची खात्री आम्हांला नाही. तुम्हीही आपापल्या घराकडे, नावाकडे, शेजाऱ्यांकडे पाहून हा हिशेब करू शकता. त्या गृहस्थाचे खिळे दिसत होते आणि आमचे दिसत नव्हते, एवढाच फरक होता.

कांटच्या त्याच निबंधात आणखी एक लाकडाचे उदाहरण आहे, जे फारसे कोणी सांगत नाही. जंगलातली झाडे एकमेकांचा उजेड आणि हवा अडवतात, म्हणून प्रत्येकाला वर जावे लागते आणि ती सरळ वाढतात. एकटे, मोकळे वाढलेले झाड मात्र वेडेवाकडे फांद्या टाकते. वाकड्या लाकडाबद्दल निराशेने बोलणाऱ्या त्याच माणसाने सरळपणाचे श्रेय शेजाराला दिले आहे.

दुसरी गोष्ट जुन्या फळ्यांनी शिकवली. साठ-सत्तर वर्षे खिळ्यांत राहिलेल्या सागवानी फळ्या उपटल्या तेव्हा बऱ्याचशा जमिनीवर सपाट पडून राहिल्या. त्यांतल्या एका फळीच्या मधल्या भागात खिळ्यांची भोके दाट होती. मिस्त्रीने त्यांवर बोट ठेवले. ही फळी बसवताना मध्ये नडली होती, म्हणून त्या वेळच्या सुताराने इथे जास्तीचे खिळे मारले, असा त्याचा कयास होता. आज मात्र ती खिळ्यांशिवायही जवळजवळ सरळ होती. लाकूड बराच काळ एका आकारात धरून राहिले, त्यावरून पावसाळे-उन्हाळे गेले, की त्याचे तंतू हळूहळू त्या आकाराला रुळतात. अ‍ॅरिस्टॉटलही सांगतो की सद्‌गुण जन्मतः मिळत नाही, सवयीने अंगी मुरतो. मग धरून ठेवणे आणि सरळ असणे यांत विरोध कसला? पुष्कळदा एकाची सुरुवात दुसऱ्यातून होते. त्या गृहस्थाची तेव्हा चारच वर्षे झाली होती.

इथवर वाचून कोणाला वाटेल, तर मग घ्या हातोडा आणि करा सगळ्यांना सरळ. तसे वाटू नये म्हणून आमची स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक आहे.

धर्मगुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. पंधरा वर्षांच्या एका मुलाने दानपेटीतले पैसे घेतले. रक्कम लहान होती. आम्ही तरुण होतो आणि शिस्तीचा आम्हांला अभिमान होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांसमोर त्याला उभे करून आम्ही क्षमा मागायला लावली. त्याने मागितली. आवाज स्पष्ट होता, डोळे कोरडे होते. आम्हांला वाटले, मुलगा सुधारला. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि त्यानंतरही कधी आला नाही. घरी वडील आजारी होते आणि उधारी थकली होती, हे आम्हांला महिन्याभराने कळले. पुढे त्या कुटुंबाने गाव सोडले. तो मुलगा आता तिशीत असेल.

माडीवर मिस्त्रीचा तो टाकाऊ तुकडा पाहताना आम्हांला तो मुलगा पुन्हा पुन्हा आठवत होता. आम्ही हातोडा थेट जिभेवर मारला होता. ज्या जागेने त्याने शेजाऱ्याला धरायचे, चारचौघांत उभे राहायचे, तीच जागा आम्ही फोडली. फट मिटल्यासारखी दिसली, आणि आम्ही काम झाले असे समजलो.

म्हणून जोर लावण्याआधी मिस्त्री काय पाहत असे, ते मुद्दाम लिहून ठेवतो.

तो पहिल्यांदा ओलावा पाहत असे. रुंदीत वाटी झालेल्या फळ्या त्याने पहिले तीन आठवडे हातातच घेतल्या नाहीत. मध्ये पट्ट्या घालून, पंख्याच्या वाऱ्यावर त्या नुसत्या ठेवून दिल्या. उशीर झाला तो यामुळे. आम्ही म्हणालो, रंधा मारून वरचे उचललेले काठ काढून टाका ना. तो म्हणाला, “आत्ता ओली आहे. आत्ता रंधा मारला तर सपाट दिसेल. वाळली की काठ खाली जातील आणि मधे कुबड येईल.” त्याचे खरे आहे. ओल्या फळीची जी बाजू आपण वाकडी म्हणून तासून टाकतो, ती वाळल्यावर तिची सरळ बाजू असते. तीन आठवड्यांनी निम्म्याहून अधिक वाट्या आपोआप बसल्या होत्या. घरात मृत्यू झालेल्या, नोकरी गेलेल्या, परीक्षेत नापास झालेल्या माणसाच्या त्या दिवसांतल्या बोलण्यावरून आपण किती वेळा रंधा मारायला धावतो!

दुसरे, तो फळीचे माप पाहत असे. लांब, अरुंद फळी थोड्या जोराने वळते. रुंद फळी वळत नाही. रुंदी दुप्पट झाली तर कडेने वाकवायला आठपट जोर लागतो, आणि तेवढा जोर लावला तर फळी वळण्याआधी तडकते. वय, मान, जुना हट्ट यांनी माणूस रुंद होतो. साठीच्या वडिलांना मुलाने एका भांडणात सरळ करायला जाऊ नये. तिथे पाचर चालत नाही.

तिसरे, जी फळी पूर्ण लांबीत बसणारच नव्हती ती तो कापत असे. दहा फुटांत एक इंच, म्हणजे आठ सूत बाक असलेली फळी मधोमध कापली तर प्रत्येक पाच फुटी तुकड्यात बाक चार सूत राहील असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात तो दोनच सूत राहिला. लांबी निम्मी केली की बाक चौथ्या हिश्शावर येतो, हे शाळेतल्या भूमितीचे गणित आहे, पण आम्ही ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिले. ज्याला जन्मभराचे वचन पेलत नाही, त्याला आजच्या दिवसाचे पेलते. दारू सोडणारे एकेक दिवस मोजतात, ते या गणिताला धरूनच आहे.

आणि चौथे, काही फळ्या त्याने जमिनीत घेतल्याच नाहीत. जबर पीळ बसलेल्या पाच फळ्या होत्या. आम्ही म्हणालो, प्रयत्न तर करा. त्याने साफ नकार दिला. “बसेल, पण उठेल. आणि जिन्याच्या तोंडाशी उठली तर कोणीतरी पोर पडेल.” त्या फळ्यांचे त्याने गाण्याच्या पुस्तकांसाठी कपाट केले. धरून ठेवण्यालाही मर्यादा आहे, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. ज्याच्या हातून दुबळ्यांना, विशेषतः मुलांना, इजा झाली आहे, त्याला दयेच्या नावाखाली पुन्हा त्याच जागी बसवणे ही दया नव्हे. त्याचा भार त्याच्यावर पडत नाही, जिन्यावरून चढणाऱ्या मुलावर पडतो. क्षमा द्यावी, काम द्यावे, पण ती जागा देऊ नये. अशा ठिकाणी कायद्याला त्याचे काम करू द्यावे आणि आपण आड येऊ नये.

शेवटच्या आठवड्यात मिस्त्रीने एक फळी दाखवली. तिच्या रेषा एका बाजूला दाट आणि केसाळ होत्या. ती सगळ्यांत जास्त वाकलेली होती. तो म्हणाला, हे झाड उतारावर किंवा कललेले वाढले असणार. पुढे आम्ही याविषयी थोडे वाचले. रुंद पानांचे झाड एका बाजूला कलले की त्याच्या वरच्या अंगाला वेगळ्या प्रकारचे, ताण धरणारे लाकूड तयार होते. ते खोडाला दोरीसारखे वर ओढत राहते. झाड उभे असते तोवर हा ताण आतल्या आत तोलला जातो. करवत चालली की तो मोकळा होतो आणि फळी वळते. म्हणजे कधी कधी सर्वांत वाकडी फळी अशा झाडाची असते, ज्याने उभे राहण्यासाठी जन्मभर धडपड केलेली असते. ते वाचल्यापासून एखाद्याला ‘वाकडा’ म्हणताना आमची जीभ थोडी अडखळते. तो कोणत्या उतारावर वाढला, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

आता त्या गृहस्थाचे पुढे काय झाले, ते सांगणे उरले आहे. आम्ही त्याला समितीत घेतले, पण पूर्ण लांबीत नाही. रोजची जमा मोजताना सोबत दोघे असत, आणि रोख रात्री त्याच्या घरी राहत नसे. ही अट त्याला अपमान वाटेल, अशी आम्हांला भीती होती. तो म्हणाला, “फादर, अट नसती तर मी नाही म्हणालो असतो.” तीन वर्षे त्याने हिशेब चोख ठेवला. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी तो प्यायला. त्याच रात्री त्याने स्वतः त्या दोघांच्या दारावर थाप मारली आणि सांगितले. पैसे जिथल्या तिथे होते. शेजारच्या फळ्यांनी त्याला त्या रात्री धरले, आणि तो पुन्हा सभेला जाऊ लागला. आमची बदली झाली तेव्हा ज्येष्ठ सदस्यांनी सांगितले की पुढच्या सणाला हिशेब त्याच्याकडेच राहील. त्यांनी आपले मत बदलले का, हे आम्ही विचारले नाही.

माडीचे काम संपल्यावर भिंतीलगत चार सूत फट राहिलेली दिसली. आम्हांला वाटले, मोजमाप चुकले. मिस्त्रीने सांगितले, ती मुद्दाम ठेवली आहे. पावसाळ्यात सगळ्या फळ्या थोड्या थोड्या फुगतील. जागा नसेल तर एकमेकींना ढकलत मध्येच उचलून येतील. मग त्याने वरून लाकडी पट्टी मारून ती फट झाकली. घट्ट धरलेल्यांनाही श्वास घ्यायला जागा लागते, आणि ती जागा चारचौघांना दिसेल अशी नसली तरी चालते. आपल्या घरांत आपण एकमेकांना ती ठेवतो का, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

तिसऱ्या ओळीतली एक फळी अजूनही करकरते. मिस्त्री म्हणाला, दोन पावसाळे जाऊ द्या, मग पाहू. गायकांना विनंती आहे की तोवर तिच्यावर जरा हलके पाऊल ठेवावे.

आणि त्या मुलाविषयी. हे पत्रक हातोहाती दूरवर जाते, असे आम्ही ऐकून आहोत. आज तिशीत असलेल्या एखाद्याला ही गोष्ट ओळखीची वाटली, तर त्याने एवढे जाणावे की त्या दिवशी सर्वांसमोर क्षमा मागायची होती ती आम्ही.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू